वीराला काय येत नाही?

(नाशिक येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ हे पुष्प गुंफलं जातं, त्यांनी आयुष्यभर शाळेच्या नाटकांतून मुलांना भूमिका दिल्या. त्यामुळे माझा विषय पत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असल्या, तरी तो या व्यासपीठाला परका नाही. विषय आहे, महावीरांच्या, म्हणजे सुपरहिरोंच्या, ऑनलाइन खेळात पात्र कसं घडवतात आणि त्यात मजा कशाची असते. मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. पात्राला काय काय येतं यावरून ते घडत नाही, काय येत नाही यावरून घडतं. हे मी आधी एका अमेरिकन खेळातून दाखवतो आणि मग आपल्या नाशिक जिल्ह्यात येतो. इथे ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक आहे.

खेळाचं नाव 'सिटी ऑफ हीरोज'. क्रिप्टिक स्टुडिओज या कंपनीने तो बनवला आणि एनसीसॉफ्ट या मूळच्या कोरियन कंपनीने एप्रिल २००४ मध्ये बाजारात आणला. पॅरागॉन सिटी नावाचं एक कल्पित शहर, त्यात हजारो माणसं एकाच वेळी आपापला महावीर घेऊन फिरताहेत, गुंडांशी, परग्रहावरच्या फौजांशी लढताहेत. त्या काळच्या बहुतेक ऑनलाइन खेळांत तलवारी, चिलखतं, राक्षस असत. आणि जो जितका भारी चिलखत घालील तितका तो बलवान. म्हणजे शेवटी सगळे बलवान सारखेच दिसायचे. इथे पोशाखाचा आणि ताकदीचा संबंधच तोडून टाकला होता. तुम्ही पोलादी कवच घाला नाहीतर धोतर-टोपी घाला, अंगातली शक्ती तेवढीच. त्यामुळे लोक दिसण्याकडे मोकळ्या मनाने बघू लागले. शहरात अ‍ॅटलस पार्क नावाचा चौक होता, तिथे पृथ्वीगोल खांद्यावर घेतलेला भलामोठा पुतळा. त्या पुतळ्याखाली खेळाडू आपणहून पोशाखांच्या स्पर्धा भरवत. लढाई वगैरे काही नाही, पाच-पन्नास वीर रांगेत उभे आणि एक परीक्षक उडत उडत त्यांना न्याहाळतोय.

आता पात्र घडवायला बसलं की काय होतं ते बघू. उदाहरणादाखल माझंच पात्र घेतो. तिचं नाव 'अवकाळी'. निफाडकडची द्राक्षबागाईतदार बाई. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट या सभागृहात सगळ्यांना आठवत असेल. तोडणीला आलेले घड एका दुपारी मातीत गेले. अवकाळीची बाग त्यात गेली, आणि ज्या वादळाने बाग नेली तेच वादळ तिच्या हातात येऊन राहिलं. ही झाली तिची जन्मकथा. खेळात त्यासाठी हजारभर अक्षरांची जागा असते. दुसरा खेळाडू तुमच्या पात्रावर क्लिक करून ती वाचू शकतो, आणि लोक खरोखर वाचतात.

पण कथेआधी खेळ तुम्हाला विचारतो की शक्ती आली कुठून? पाचच पर्याय: नैसर्गिक, जादू, उत्परिवर्तन, विज्ञान, तंत्रज्ञान. नैसर्गिक म्हणजे व्यायाम, सराव, मेहनत. उत्परिवर्तन म्हणजे जन्मतःच मिळालेलं. विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतला अपघात वगैरे, तंत्रज्ञान म्हणजे स्वतः किंवा दुसऱ्याने बनवलेलं यंत्र. अवकाळीसाठी मी जादू निवडली, कारण जादूत कुणाचं तरी देणं असतं. मेहनतीने कमावलेल्या माणसाला वाटतं, हे माझं आहे. दिलेलं घेणाऱ्याला ते कधीतरी फेडायचं असतं. एवढ्या एका निवडीने पात्राचा स्वभाव निम्मा ठरून जातो.

त्यानंतरचा प्रश्न सगळ्यात मोठा, तो म्हणजे तुमचा वर्ग कोणता? सुरुवातीला वीरांचे पाच वर्ग होते. टँकर सगळ्यांचा मार स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, पण त्याचा स्वतःचा मार बेताचा. ब्लास्टर लांबून तुफान मारतो, पण दोन फटक्यांत आडवा होतो. स्क्रॅपर अंगावर जाऊन भिडतो. कंट्रोलर शत्रूंना जागच्या जागी खिळवून ठेवतो, मारायची ताकद त्याच्यात जेमतेम. आणि डिफेंडर इतरांना सांभाळतो. हे एकदा ठरवलं की बदलता येत नाही. पुढे शक्तींची फेरनिवड करता येते, पण टँकरचा ब्लास्टर कधीच होत नाही. पन्नासाव्या लेव्हलला, म्हणजे अगदी माथ्यावर पोचलात तरी पदरात सगळ्या मिळून दोन डझनभर शक्ती. बाकी शेकडो शक्ती तुमच्या नाहीत, त्या दुसऱ्यांच्या.

अवकाळी डिफेंडर आहे आणि तिच्याकडे वादळाचा संच आहे. त्यात गोठवणारा पाऊस आहे, बर्फाचं वादळ आहे, शेवटी शेवटी विजांचा ढग मिळतो. आणि अगदी सुरुवातीला मिळणारी एक साधी शक्ती आहे. प्राणवायूचा झोत सोडून जखमी सोबत्याला सावरायचं. ही शक्ती स्वतःवर वापरता येत नाही. दुसऱ्याला श्वास देता येतो, स्वतःला नाही. संच बनवणाऱ्यांनी हे हिशोबाच्या समतोलासाठी केलं असेल. पण खेळणाऱ्याच्या हातात ते आलं की त्याची गोष्ट होते. माझ्या निफाडच्या बाईला अख्खी टीम जगवता येते आणि तिला स्वतःला जगायचं तर दुसऱ्या कुणीतरी तिच्याकडे बघावं लागतं. ही ओळ मी लिहिलेली नाही, नियमांनी लिहिली. मी नुसतं तिला नाव दिलं.

तिची आणखी एक शक्ती म्हणजे तिच्याभोवती फिरणारं चक्रीवादळ. ते सुरू केलं की जवळ येणारा शत्रू दूर फेकला जातो. ऐकायला झकास. पण टीममध्ये काय होतं? टँकरने मोठ्या खटपटीने वीस गुंड एका कोपऱ्यात गोळा केलेले असतात. ब्लास्टर नेम धरून उभा असतो. तेवढ्यात नवशिकी वादळवाली तिथे घुसते आणि वीसच्या वीस गुंड वीस दिशांना उधळतात. मग चॅटमध्ये जी मुक्ताफळं उधळली जातात ती इथे सांगण्यासारखी नाहीत. जाणता खेळाडू तेच वादळ वेगळं वापरतो. शत्रूच्या मागे न जाता बाजूने वळसा घालतो, त्यांना भिंतीकडे रेटतो आणि कोपऱ्यात कोंडून धरतो. शक्ती तीच, नियम तेच. फरक पडतो तो आपल्यासोबत कोण आहे आणि ते काय करताहेत याचं भान ठेवल्याने. ही या खेळाची खरी मजा. पुष्कळ ताकद मिळाली याची मजा पहिले दोन दिवस टिकते. अपुऱ्या ताकदीत वाट काढायची मजा वर्षानुवर्षं पुरते.

इथे एक जुना धागा सांगायला हवा. कंप्युटरवर येण्याआधी हे खेळ टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळले जायचे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला, तिथून ही परंपरा सुरू झाली. १९८१ मध्ये महावीरांसाठी 'चॅम्पियन्स' नावाचा खेळ आला. त्यात पात्र घडवायला ठरावीक गुण मिळत, त्यांतून शक्ती विकत घ्यायच्या. गुण कमी पडले तर? मग एखादं वैगुण्य पत्करायचं. कुणीतरी आपल्या मागावर आहे, घरी सांभाळायला एक म्हातारी आत्या आहे, काहीही झालं तरी जीव घ्यायचा नाही अशी शपथ आहे. असं प्रत्येक ओझं उचललं की त्याबदल्यात जास्तीचे गुण. म्हणजे ज्याच्या गळ्यात अडचणी जास्त, त्याला ताकद जास्त. 'सिटी ऑफ हीरोज' बनवणाऱ्या क्रिप्टिकनेच पुढे या 'चॅम्पियन्स'चे हक्क घेतले आणि २००९ मध्ये 'चॅम्पियन्स ऑनलाइन' काढला.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या पुराणांत अट नसलेला वर दाखवा. हिरण्यकशिपूला घरात मरण नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. त्या अटींच्या फटीतून नरसिंह येतो. कर्णाची कवचकुंडलं आपल्याला लक्षात राहतात ती त्याने काढून दिली म्हणून. दुर्योधनाचं सगळं अंग वज्राचं आणि कथा जाऊन थांबते ती मांडीवर.

आता नाशिक जिल्ह्यात येऊ. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, आणि डोंगर उतरलं की पालघरातले मोखाडा, जव्हार. या पट्ट्यात होळीनंतर अक्षय्य तृतीयेपर्यंत बोहाडा होतो. रात्रभर एकेक सोंग गावाच्या वाटेने नाचत येतं. आधी गणपती, सरस्वती, मग मारुती, नरसिंह, त्राटिका, रावण, आणि शेवटाला जगदंबा येऊन महिषासुराचा वध करते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले. दहा तोंडांच्या रावणाचा मुखवटा घेऊन नाचणं म्हणजे मानेची परीक्षा. कोणतं सोंग कुणी घ्यायचं हे पुष्कळ गावांत घराण्याने ठरलेलं असतं, तो मान असतो. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी आणि संबळावर वाजणारा ठेकाही वेगळा. ज्याने नरसिंह घेतला त्याला त्या रात्री मारुतीसारखं नाचायची मुभा नाही.

मी हे मुद्दाम तपशिलाने सांगतोय, कारण इथे पात्र घडवण्याची सगळी अंगं आहेत. वेष आहे, ठरलेला वर्ग आहे, बंधनं आहेत, आणि सोबत आहे. वाजवणारा, पलिता धरणारा, वाट करून देणारा, हे नसतील तर मुखवट्याआडच्या माणसाला धड समोरचंही दिसत नाही. एवढा दहा तोंडांचा रावण, पण त्याला रस्ता दुसऱ्याने दाखवावा लागतो!

आणि खुद्द नाशिक शहरात तर धुळवडीला वीरच निघतात. घराघरांतले लोक आपल्या पूर्वज वीराचा टाक घेऊन वाजतगाजत गोदेवर जातात, लहान पोरांना देवांचे, योद्ध्यांचे वेष चढवतात. त्यात सगळ्यांचं लक्ष असतं ते दाजीबा वीराकडे. अंगावर दागिने, डोक्याला बाशिंग. आख्यायिका अशी सांगतात की त्याचं लग्न ठरलं होतं, अंगाला हळद लागली होती, आणि त्या अवस्थेतच त्याला मरण आलं. म्हणून त्याला बाशिंग. या वीराने किती शत्रू मारले हे त्याच्या वेषात कुठेही दिसत नाही. दिसतं ते त्याचं राहून गेलेलं लग्न. पात्र कसं घडवावं याचा याहून नेमका धडा मला कुठल्या खेळात सापडलेला नाही.

तिसरं उदाहरण त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं. १९१३ मध्ये मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवल्यावर त्यांनी आपला कारखाना नाशकात आणला. त्या चित्रपटात तारामती व्हायला कुणी बाई तयार होईना, तेव्हा खाणावळीत स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंके एकाच चित्रपटात राम झाले आणि सीताही झाले. आज एखाद्या कॉलेजातला मुलगा गेममध्ये बाईचं पात्र घेतो तेव्हा घरचे दचकतात. त्यांना साळुंक्यांची आठवण द्यावी. त्यानंतर १९१९ चा 'कालिया मर्दन'. कृष्ण झाली फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाच्या सुरुवातीला फाळके काय करतात? मंदाकिनीला तिच्या स्वतःच्या साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर आणतात. ती एकामागून एक भाव चेहऱ्यावर दाखवते. आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तीच कृष्ण होते. बघणाऱ्याला आधी माणूस दाखवला, नंतर पात्र. प्रेक्षक कृष्णाला हात जोडतात आणि त्याच वेळी त्यांना ठाऊक असतं की ही फाळक्यांची पोर आहे. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवता येतात. पात्र खेळणाऱ्या मुलांना हे येतं. त्यांना भ्रम झालाय असं समजून आपण उगाच घाबरतो.

आता आक्षेप. पोरं तासन्‌तास खेळतात, डोळे जातात, अभ्यास बुडतो. खरं आहे, आणि त्यावर वेळेचा धाक हा एकच उपाय मला ठाऊक आहे. पैशाच्या खेळांचा प्रश्न वेगळा. २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली, ते बरंच झालं. पण मला एका तिसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, पुढच्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला, आणि गल्लीगल्लीतली पोरं त्यात आहेत. त्यात मुलं 'स्किन' घेतात. स्किन म्हणजे विकत घेतलेला अंगरखा. त्याला जन्मकथा नाही, वर्ग नाही, उणीव नाही. शंभर मुलं एका बेटावर उतरतात आणि अंगरखे काढले तर सगळी एकच. तिथे नेम, चपळाई, टीमवर्क हे सगळं आहे, मी ते कमी लेखत नाही. फक्त पात्र नाही. मूल खेळतंय की नाही याची चौकशी आपण करतो. ते काही घडवतंय का, हेही विचारावं.

'सिटी ऑफ हीरोज'मध्ये घडवायला वेळ लागायचा, आणि तो मुद्दाम लावला जायचा. सुरुवातीच्या काळात पूर्ण उडता यायला चौदावी लेव्हल गाठावी लागे. तोपर्यंत महावीर असूनही पायी चालायचं, गाडी पकडायची. पाठीवरची केप विसाव्या लेव्हलला, तीही एक मोहीम पार पाडून. खेळ आला तेव्हा केप तयारच नव्हती, ती काही महिन्यांनी आली. मग गोष्ट अशी रचली की परग्रहावरच्या युद्धात एक थोर वीर कामी आला आणि त्याच्या सुतकात शहरातल्या वीरांनी केप घालणं सोडलं. म्हणजे जे कंपनीला जमलं नव्हतं त्याचंही दुखवट्यात रूपांतर झालं. लेव्हल कमी असलेल्या मित्राला मागे ठेवावं लागू नये म्हणून साइडकिकची सोय होती. मोठ्याने बोट धरलं की धाकटा तेवढ्यापुरता जवळजवळ त्याच्या तोडीचा. आठवीतली बहीण आणि नोकरीवाला भाऊ एका मोहिमेवर जाऊ शकत.

शेवटचा मुद्दा मालकीचा. नोव्हेंबर २००४ मध्ये मार्वेल या कॉमिक्सवाल्या कंपनीने क्रिप्टिक आणि एनसीसॉफ्टवर खटला भरला. तक्रार अशी की खेळाडू आमच्या हल्कसारखी, वुल्व्हरीनसारखी पात्रं बनवताहेत. गंमत म्हणजे पुराव्यादाखल दिलेली काही पात्रं मार्वेलच्याच बाजूच्या लोकांनी बनवलेली निघाली आणि न्यायालयाने तो पुरावा बाजूला काढला. डिसेंबर २००५ मध्ये तडजोड झाली. पण या भांडणात ज्यांनी पात्रं घडवली त्यांना कुणी विचारलं नाही. ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस एनसीसॉफ्टने जाहीर केलं की खेळ बंद होणार. सप्टेंबरात अ‍ॅटलस पार्कमध्ये खेळाडू आपापले वीर घेऊन हातात मशाली धरून जमले. काही उपयोग झाला नाही. ३० नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद झाले आणि लोकांनी आठ-आठ वर्षं घडवलेली पात्रं त्यांच्यासोबत गेली. २०१९ मध्ये हौशी लोकांनी तो खेळ स्वतःच्या सर्व्हरवर उघडपणे पुन्हा उभा केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्यांतल्या 'होमकमिंग' या गटाला रीतसर परवानगी दिली. माझी अवकाळी या दुसऱ्या डावातली. परवानगी आली म्हणून ती आज सुखरूप आहे, पण हे सुखरूप असणं दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. बोहाड्याचे मुखवटे गावातच राहतात. पुढच्या वर्षी ते कुणाच्या परवानगीने बाहेर काढायचे हा प्रश्नच येत नाही.

म्हणून मी आज एक मागणी करून थांबणार आहे. नाशिकमध्ये १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, शाळा आहेत, नाट्यसंस्था आहेत. यांपैकी कुणीतरी उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना टेबलाभोवती बसवून कागदावर, फाश्यांनी, मराठीत हा खेळ खेळू द्यावा. खर्च म्हणाल तर वह्या, पेन्सिली आणि एक गोष्ट सांगणारा दादा किंवा ताई. तिथे घडलेलं पात्र कुठल्याही सर्व्हरवर नसेल, मुलाच्या दप्तरात असेल. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल ताकदींची लांबलचक यादी लिहून आणेल. उडतो, अदृश्य होतो, डोळ्यांतून आग काढतो. ती यादी वाचून घ्या, कौतुक करा. आणि मग कागदाच्या दुसऱ्या बाजूला तीन प्रश्न लिहायला सांगा. तुझ्या वीराला काय येत नाही? ते कुणाला येतं? आणि तो सोबत आला नाही तर तुझा वीर काय करील? तिसऱ्या प्रश्नापाशी मुलं अडतात. तिथे घाई करू नका, कारण पात्र घडायला तिथूनच सुरुवात होते.